पंधरा दिवस टिकणारी नखे, पण कुणाच्या हातांवर?

जेल नेलपॉलिश लावून पार्लरमधून बाहेर पडणाऱ्या बाईला हल्ली काही सूचना दिल्या जातात. कुठे छापील चिठ्ठी हातात देतात, कुठे पार्लरमधली मुलगी तोंडीच सांगते. पहिला दिवसभर गरम पाण्यात हात घालायचा नाही. भांडी घासायची नाहीत, घासायचीच झाली तर रबरी हातमोजे घालून. कपडे हाताने धुवायचे नाहीत. फिनेल, ब्लीच यांना हात लावायचा नाही. नखाने डब्याचे झाकण उघडायचे नाही, लसूण सोलायचा नाही. रात्री झोपताना नखांच्या मुळाशी तेल चोळायचे. एवढे पाळले की नखे पंधरा दिवस, नीट लावली असतील तर तीन आठवडेही, जशीच्या तशी चमकतात.

मैत्रिणींनो, ही यादी सौंदर्याची सूचना म्हणून न वाचता घरकामाचा कागद म्हणून एकदा वाचून पाहा. भांडी घासायची नाहीत, मग घासणार कोण? यावर चिठ्ठी गप्प आहे. घरात आणखी एक जोडी हात आहेत असे ती धरूनच चालते. ते हात सासूचे असतील, धाकट्या जावेचे असतील, शाळेतून आलेल्या मुलीचे असतील, नाहीतर चार घरची धुणीभांडी करून पाचव्या घरात शिरणाऱ्या घरकामगार बाईचे असतील. नवऱ्याचे असतील असे मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनातही येत नाही. म्हणजे एका बाईची नखे पंधरा दिवस टिकायची, तर दुसऱ्या बाईची नखे पंधरा दिवस जास्त भिजायची. आणि ज्या घरात दुसरी बाईच नाही, तिथे जेल सहाव्या दिवशी कडेने सुटते आणि ती बाई म्हणते, 'माझी नखंच वाईट.'

नखे वाईट नसतात. नख पाणी शोषते आणि फुगते, वाळले की पुन्हा आकसते. वर बसलेला जेलचा थर तेवढा फुगत नाही, आकसत नाही. दिवसातून दहा वेळा हे घडले की थराची कड उचलली जाते, फटीत पाणी शिरते, आणि मग लसूण सोलतानाचा एक धक्का पुरतो. गरम पाणी आणि साबण हे काम आणखी लवकर उरकतात. टिकण्याचे सारे गणित एवढेच आहे. त्यात बाटलीच्या किमतीचा वाटा थोडा आणि बाईच्या दिवसाचा वाटा मोठा.

सोलापूरच्या बाईचा दिवस कसा असतो? या शहराने चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पाण्याचा दिवस म्हणजे काय हे इथल्या बाईला सांगायला नको. वेळी-अवेळी नळ आला की पिंप, घागरी, कळशा भरायच्या, तुंबलेले धुणे काढायचे, फरशी पुसून घ्यायची. तास न् तास हात पाण्यात. मधल्या दिवसांत भाकरी आहेतच. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळायचे, तळहाताने रगडायचे, बोटांनी थापायचे. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे कौतुक पुष्कळांनी केले; ते पीठ नखांत किती घट्ट बसते यावर कुणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

आणि याच शहरात, पूर्व भागात आणि कुंभारीच्या वसाहतींत, विडी वळणाऱ्या बायका आहेत. त्यांची संख्या साठ-सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. पाने भिजवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, सुताने बांधायची. विडीचे तोंड दुमडायला नखाचा, नाहीतर लहानशा पत्र्याच्या तुकड्याचा आधार लागतो. तिचे नख हे हत्यार आहे. त्याच्या कडेला तंबाखूचा रंग कायमचा बसलेला असतो, आणि तंबाखूतले निकोटीन कातडीतून अंगात जाते ते वेगळेच. बोटांचे ठसे इतके झिजतात की आधारच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, अशा तक्रारी देशातल्या अनेक विडी वस्त्यांतून आल्या आहेत. तिची नखे टिकवण्यासाठी कुणी चिठ्ठी छापल्याचे ऐकले आहे का?

इथे लगेच दोन प्रकारचे लोक उपदेश करायला पुढे येतात. पहिला बाजार. तो म्हणतो, 'स्वतःसाठी वेळ काढ, तुझा तो हक्क आहे.' हक्क हा शब्द आपण मोर्च्यांतून, बैठकांतून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून कमावला. तो आता बाटलीवर चिकटवून विकला जातो. दुसरे उपदेशक घरातलेच. 'एवढे पैसे नखांवर?' असे विचारणाऱ्या माणसाच्या गुटख्याचा महिन्याचा खर्च कुणी मोजत नाही.

पण तिसरा उपदेश आपल्याच बैठकांमधून होतो, आणि त्याबद्दलही बोलले पाहिजे. रंगवलेली नखे दिसली की आपल्यातल्या काही जणींच्या कपाळाला आठी पडते. 'चंगळवाद' हा शब्द जिभेवर तयारच असतो. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली तेव्हा स्त्री संघटनांनी विरोध केला, आणि संस्कृतिरक्षकांनीही केला. दोघांची कारणे अगदी वेगळी होती. पण रस्त्यावरच्या माणसाला दोन्ही विरोध एकच वाटले, आणि बाईने नटू नये असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण नकळत उभ्या दिसलो. तो घोळ पुन्हा नको. आईच्या नखांत तंबाखू बसलेला पाहत मोठी झालेली मुलगी नवी पेठेतल्या दुकानात नोकरीला लागते आणि पहिल्या पगारातून नखे गुलाबी करून घेते, तर तिला चंगळवादी म्हणणाऱ्या आपण कोण? तिच्या आजीने मेंदी लावलीच होती. बोटाला रंग असावा असे वाटणे हा गुन्हा नाही.

आमचे भांडण रंगाशी नाही. रंगाबरोबर काय काय येते हे तिला कुणी सांगत नाही, आणि ते लावणाऱ्या मुलीला तर त्याहून सांगत नाही, याच्याशी आहे.

जेल म्हणजे साध्या नेलपॉलिशचा जाड भाऊ नव्हे. साधी नेलपॉलिश नुसती वाळते. जेलमध्ये ॲक्रिलेट आणि मेथाक्रिलेट जातीची रसायने असतात. अतिनील किरणांच्या दिव्याखाली बोटे धरली की त्यांची एकमेकांत साखळी बांधली जाते आणि पातळ द्रव कडक होतो. साखळी पूर्ण बांधली गेली तर धोका थोडा. ती अर्धवट राहिली, किंवा ओला जेल नखाबाहेर कातडीवर सांडला आणि तसाच दिव्याखाली गेला, तर ही सुटी रसायने कातडीत शिरतात. काहींच्या शरीराला एकदा त्यांची ओळख पटली की वैर जन्मभराचे. बोटांची टोके सोलवटतात, चिरा पडतात, खाज सुटते, नख खालच्या मांसापासून सुटते. पुष्कळदा पापण्या आणि मान सुजते, आणि मग दोष काजळाला दिला जातो.

ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली यावर जाहीर इशारा दिला होता. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या त्वचारोग विभागांत चाचणी केलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्क्यांना या जातीच्या किमान एका रसायनाची ॲलर्जी निघाली. पार्लरमधल्या कारागीर मुलींनाच नव्हे, घरी किट आणून लावणाऱ्यांनाही. आपल्याकडे लग्नसराईत विकली जाणारी काळी मेंदी आठवा. ती लावून हातावर फोड आलेल्या मुली पुष्कळजणींनी पाहिल्या असतील. तीही अशीच गोष्ट: एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांचा काळा रंगही चालत नाही.

जेलच्या ॲलर्जीची किंमत तर नखांपुरती राहतच नाही. याच कुळातली रसायने दाताच्या भरणीत असतात. गुडघ्याचा सांधा बदलताना हाड आणि सांधा जोडायला जे सिमेंट वापरतात, त्यातही मेथाक्रिलेटच असते. मधुमेहींच्या दंडावर साखर मोजायला चिकटवतात त्या काही यंत्रांच्या चिकटपट्टीतही हे कूळ सापडते. आयुष्यभर जमिनीवर बसून काम करणाऱ्या बायकांच्या शहरात गुडघा ही काही लहान गोष्ट नाही. विशीत नखांवर घेतलेली ॲलर्जी साठीत ऑपरेशनच्या टेबलावर आडवी येऊ शकते. म्हणून जिला असा त्रास झाला आहे तिने दाताच्या आणि हाडाच्या डॉक्टरांना हे आठवणीने सांगावे.

दुसरा प्रश्न दिव्याचा. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी पेशी थेट या दिव्याखाली ठेवून पाहिल्या. वीस मिनिटांच्या एका फेरीत २० ते ३० टक्के पेशी मेल्या, उरलेल्यांच्या गुणसूत्रद्रव्यात बिघाड दिसला. हा प्रयोग बशीतल्या पेशींवरचा आहे आणि जेल लावताना हात दिव्याखाली इतका वेळ नसतो. त्यामुळे जेलने कॅन्सर होतो असे यावरून म्हणता येत नाही, आणि आपण उगाच भीतीही पसरवू नये. पण हातांना आधी सनस्क्रीन लावणे, किंवा बोटांची टोके कापलेले मोजे घालणे याला खर्च किती? त्वचारोगतज्ज्ञ तसा सल्ला देतात. आपल्यापैकी किती जणींना तो पार्लरमध्ये ऐकायला मिळाला?

तिसरी गोष्ट टीपीओ नावाची. जेल दिव्याखाली कडक व्हावा म्हणून घातले जाणारे हे रसायन. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते प्रजननाला घातक दिसले, म्हणून युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. माणसाच्या नखांवरून तसे नुकसान झाल्याचे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण तिथल्या कपाटांतून उतरवलेल्या बाटल्या कुठे जातील? स्वस्तात विकत घेणारी बाजारपेठ कुणाची आहे? बाटलीवर घटकांची यादी नसेल, असली तरी वाचता न येणाऱ्या अक्षरांत असेल, तर सात रस्त्याच्या पार्लरमधल्या मुलीने हे ओळखायचे कसे?

नखे लावायचीच आहेत, तर नीट लावा आणि नीट सांभाळा. त्यात कमीपणा काही नाही. थर पातळ हवेत, जाड थर वरून कडक होतो आणि आतून ओला राहतो. प्रत्येक थर नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवून घ्यायला सांगा; पाणी तिथूनच शिरते. कातडीला लागलेला जेल दिव्याखाली जाण्याआधी काडीने पुसलाच पाहिजे, आणि तो पुसला नाही तर हात मागे घ्यायचा, संकोच करायचा नाही. ज्या कंपनीचा जेल, त्याच कंपनीने सांगितलेला दिवा असावा. दिव्यावर वॅटचा आकडा मोठा छापला म्हणून जेल पूर्ण कडक होतो असे नाही. दिव्याखाली नख चटकन भाजल्यासारखे वाटले तर हात बाहेर काढा. सोसण्याची सवय आपल्याला फार आहे, ती इथे तरी नको.

लावण्याआधी हातांवर तेल नको. नंतर मात्र रोज हवे. खोबरेल चालते, परदेशी बाटली लागत नाही. कड उचलली गेली तर पुन्हा पार्लरला जाऊन नीट करून घ्या, स्वतः ओढून काढू नका. जेल ओढला की त्याच्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे खराब झालेले नख मुळापासून नवे यायला सहा महिने जातात. काढताना वरचा थर हलका घासून, ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस नखावर दहा-पंधरा मिनिटे बांधून ठेवावा आणि सैल झालेला जेल लाकडी काडीने अलगद सारावा. ॲसिटोन भडकन पेटतो. स्वयंपाकघरात, गॅसजवळ हे काम करू नये. उचललेल्या जेलखाली नख हिरवट दिसले तर त्यावर दुसरा रंग चढवून झाकू नका, तो ओलाव्यात वाढलेला जंतुसंसर्ग असतो, डॉक्टरांना दाखवा. परिचारिका मैत्रिणींसाठी एक: जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेविषयीच्या सूचना, रुग्णांना थेट हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत असे सांगतात. हा नटण्याबद्दलचा नियम नाही, जंतूंबद्दलचा आहे, तो पाळावा.

आणि हातमोजे. आतून सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे घ्या, पण दोन मापांचे घ्या. एक जोड तुमच्या मापाचा, दुसरा घरातल्या पुरुषाच्या मापाचा. पंधरा दिवस भांडी त्याने घासली तर जेल टिकतो की नाही, एकदा पाहूच. घरकामगार बाई येत असेल तर तिसरा जोड तिच्यासाठी, मालकिणीच्या पैशांनी. तिच्या हातांना साबण कमी झोंबतो असा शोध अजून कुणी लावलेला नाही.

आता जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते ती मुलगी. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते. ती दिवसभर तिथेच असते. थंडाव्यासाठी दारे-खिडक्या बंद, आत घासलेल्या जेलची धूळ, ॲसिटोनचा वास, बोटांवर ओला जेल. हातमोजे दिलेच तर साधे पातळ; ॲक्रिलेट त्यातून थोड्याच वेळात आरपार जातात. नायट्राइलचे मोजे बरे, तेही सारखे बदलावे लागतात, आणि बदलायचे म्हणजे मालकाचा खर्च. ॲलर्जी आली की ती कामावरून जाते. तिचा आजार कुठल्याही वहीत नोंदला जात नाही, ती 'सोडून गेली' एवढेच बोलले जाते. पार्लरची मालकीणही बऱ्याचदा कर्ज काढून दुकान थाटलेली बाईच असते, हे आम्हाला ठाऊक आहे. तिला शत्रू ठरवून काही साधणार नाही. पण तिच्याकडे काम करणारी मुलगी कामगार आहे, 'शिकायला आलेली' नाही, हे तिने मान्य केले पाहिजे.

न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली एका मोठ्या दैनिकाने नखांच्या दुकानांतल्या स्थलांतरित बायकांची मजुरी आणि आजार यांवर लेखमाला छापली, तेव्हा तिथल्या गव्हर्नरांना तातडीने तपासणीचे आदेश काढावे लागले. आपल्याकडे तपासणी करायची कुणी? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना जवळजवळ मोकळे सोडले. त्यांनी फक्त सूचना दिली की झाले. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर न्यायचा निर्णय घेतला. सोलापुरात नखे रंगवणाऱ्या वीस मुली एका छताखाली असलेले पार्लर शोधून दाखवावे.

इथे पुन्हा विडी कामगार बाईकडेच पाहावे लागते. तिची मजुरी आजही तुटपुंजी आहे. तरी तिच्यासाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी झाला, तिला ओळखपत्र मिळाले. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. हे कुणाच्या दयेने झाले नाही. लाल झेंडा घेऊन त्या वर्षानुवर्षे जिल्हाधिकारी कचेरीवर गेल्या म्हणून झाले. यातले काही हातातून निसटलेही: २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवरचा उपकर, म्हणजे त्या निधीचा झराच, बंद झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू होऊन १९६६ चा स्वतंत्र कायदा त्यांत विरघळला. पण निसटण्यासारखे काही होते तरी. पार्लरमधल्या मुलीकडे, जी पुष्कळदा याच विडी कामगार बाईची लेक असते, निसटण्यासारखेही काही नाही. आईकडे कामगार म्हणून ओळखपत्र आहे, मुलीकडे मोबाइलमध्ये नखांचे फोटो आहेत.

सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, तुकडी क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटक छापलेले असले पाहिजेत. बाहेरून आलेल्या मालाला नोंदणी क्रमांक असला पाहिजे. पुढच्या वेळी पार्लरमध्ये गेलात की रंग निवडण्याआधी बाटली उलटी करून पाहा. यातले काही नसेल तर फोटो काढा, बिल मागा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या. एकटीने गेलात तर 'बाई नखांची तक्रार घेऊन आल्यात' म्हणून हसतील. पाच-सहा जणी मिळून जा, आणि बोटांना चिरा पडलेली एखादी पार्लरची मुलगी बरोबर यायला तयार असेल तर तिला पुढच्या खुर्चीवर बसवा.